बाहीवरच्या बिल्ल्याची किंमत

११ ऑक्टोबर २०२२ ला भुवनेश्वरच्या कलिंगा स्टेडियमवर अमेरिकेच्या मुलींनी भारताच्या मुलींना ८-० असं हरवलं. सतरा वर्षांखालच्या मुलींचा तो विश्वचषक होता. यजमान म्हणून भारताला त्यात थेट जागा मिळाली होती. पुढच्या दोन सामन्यांत मोरोक्कोने तीन आणि ब्राझीलने पाच गोल चढवले आणि आपला मुक्काम गटातच संपला. आपल्या मुली कुठे कमी पडल्या यावर तेव्हा भरपूर लिहून आलं. अमेरिकी संघात मधल्या फळीत खेळणाऱ्या मिया भुटाचे वडील भारतीय वंशाचे, म्हणून तिच्याही बातम्या झाल्या. पण त्या मुली मुळात तयार कुठे झाल्या, हे फारसं कुणी विचारलं नाही.

अमेरिकेत केंद्राचं क्रीडा मंत्रालय नाही. बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीसारखी सरकारी निवासी सोयही फुटबॉलसाठी नाही. तिथल्या मुली सॉकर शिकतात ते पालकांच्या पैशावर चालणाऱ्या क्लबांत. क्लबांचे सामने होतात खासगी लीगमध्ये. कोणता क्लब कोणत्या लीगमध्ये खेळतो, यावरून त्याची पत ठरते आणि बऱ्याचदा त्याचं उत्पन्नही. त्यामुळे दर एक-दोन वर्षांनी एखाद्या नावाजलेल्या क्लबाच्या बैठकीत तोच विषय निघतो: आहोत त्या लीगमध्ये राहायचं की शेजारच्या लीगमध्ये जायचं? प्रश्न कार्यालयीन वाटतो. प्रत्यक्षात त्यामुळे शंभरेक मुलींचे शनिवार-रविवार, त्यांच्या घरांचं वर्षाचं अंदाजपत्रक आणि काहींचं कॉलेज बदलतं.

न्यू जर्सीतल्या एडिसनपासून टेक्सासातल्या फ्रिस्कोपर्यंत अनेक मराठी घरांत आता हा विषय जेवणाच्या टेबलावर असतो. भारतातून सहा महिन्यांसाठी गेलेले आजी-आजोबा शनिवारी सकाळी मैदानाच्या कडेला घडीच्या खुर्चीत बसून नातीचा सामना बघतात. तिच्या बाहीवरचं चिन्ह गेल्या वर्षी वेगळं होतं, हे त्यांच्याही लक्षात येतं. मंडळाच्या गणपतीतला नाच आणि लीगचा सामना एकाच दिवशी आला की काय सुटतं, ते सांगायला नको.

मुलींच्या सॉकरमध्ये आज वरच्या पातळीवर मुख्यतः दोन लीगची नावं घेतली जातात. पहिली ईसीएनएल, म्हणजे एलिट क्लब्ज नॅशनल लीग. ती २००९ मध्ये ४० क्लबांनी सुरू केली. दुसरी गर्ल्स अ‍ॅकॅडमी, सगळे तिला जीए म्हणतात. ती २०२० मध्ये उभी राहिली. दोघींच्या खाली त्यांच्याच दुय्यम लीग आहेत. शिवाय यूएस यूथ सॉकरची नॅशनल लीग आहे, यूएस क्लब सॉकरच्या एनपीएल आहेत आणि प्रत्येक राज्याच्या आपापल्या लीग वेगळ्याच. बाहेरून बघणाऱ्याला ही आद्याक्षरांची खिचडी वाटते. आत असलेल्यांनाही वाटते, ते बोलत नाहीत इतकंच.

यात एक गोष्ट आपल्याला खटकायला हवी. या लीगमधली जागा मैदानावर जिंकून मिळत नाही. इंग्लंडमध्ये तळाचा संघ खालच्या श्रेणीत जातो आणि खालचा जिंकून वर येतो. इथे क्लब अर्ज करतो आणि लीग त्याला घेते किंवा घेत नाही. एकदा घेतलं की क्लबाचे तेरा वर्षांखालच्या गटापासून वरच्या गटापर्यंतचे सगळे संघ आत. पंधरा वर्षांखालच्या मुली हंगामभर हरत राहिल्या तरी बाहीवरचा लीगचा बिल्ला जात नाही. शेजारच्या गावातला एखादा संघ राज्यात अजिंक्य ठरला तरी त्याला बिल्ला मिळत नाही. जागा क्लबाची असते, संघाची नाही. लीग बदलण्यावरून होणाऱ्या सगळ्या भांडणांचं मूळ हेच, असं माझं मत आहे. मैदानावर वर-खाली जायचा रस्ताच नसेल, तर माणसं कार्यालयातून वर जायचा रस्ता शोधणारच.

बिल्ल्याला एवढं वजन आलं कुठून? त्यासाठी १९७२ पर्यंत मागे जावं लागतं. त्या वर्षी अमेरिकेत ‘टायटल नाइन’ हा कायदा झाला. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना स्त्री-पुरुष भेद करता येणार नाही, असं तो सांगतो. मूळ कायद्यात खेळाचा उल्लेखही नव्हता, पण सर्वांत मोठा परिणाम तिथेच झाला. अमेरिकन फुटबॉलच्या संघात शंभरेक मुलगे खेळवणाऱ्या विद्यापीठांना मुलींसाठीही तोडीस तोड जागा आणि शिष्यवृत्त्या दाखवणं भाग पडलं. सॉकरचा संघ मोठा, साहित्याचा खर्च थोडा, त्यामुळे विद्यापीठांना तो सोयीचा पडला. आज एनसीएए या कॉलेज-खेळांच्या संघटनेच्या पहिल्या श्रेणीत मुलींचे सुमारे साडेतीनशे संघ आहेत. मुलांचे त्याहून बरेच कमी. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही देशात मुलीच्या पायातला चेंडू तिला पदवीपर्यंत नेईल अशी इतकी मोठी सोय नाही. अमेरिकेच्या महिलांनी १९९१, १९९९, २०१५ आणि २०१९ असे चार विश्वचषक जिंकले, त्यामागे या कायद्याचा मोठा हात आहे.

साडेतीनशे संघांचे प्रशिक्षक मुली शोधतात कुठे? त्यांच्याकडे दोन-तीन सहायक असतात, ठरलेलं प्रवासखर्चाचं बजेट असतं आणि आपला हंगाम सांभाळून उरलेले मोजके शनिवार-रविवार असतात. प्रत्येक गावात जाऊन सामने बघणं त्यांना शक्य नसतं. मग लीग ‘शोकेस’ भरवतात. फिनिक्स, सॅन डिएगो किंवा फ्लोरिडातल्या एखाद्या क्रीडासंकुलात वीस-वीस मैदानं शेजारी शेजारी असतात आणि तीन दिवसांत शेकडो सामने होतात. मैदानाच्या एका बाजूला पालक बसतात, दुसऱ्या बाजूला विद्यापीठाचं नाव छापलेले टीशर्ट घातलेले प्रशिक्षक. त्यांच्या हातात खेळाडूंच्या नावांची यादी असते: जर्सीचा क्रमांक, जागा, शाळा संपण्याचं वर्ष, गुणांची सरासरी. पंधरा-सोळा वर्षांच्या मुली आधीच्या आठवड्यात त्यांना स्वतः ईमेल पाठवतात. माझा सामना शनिवारी साडेनऊला, मैदान क्रमांक अकरा, मी सात नंबरची, तुम्ही आलात तर आवडेल. बरेच प्रशिक्षक वीस मिनिटं थांबतात, काहीतरी टिपतात आणि पुढच्या मैदानाकडे जातात. त्या वीस मिनिटांत मुलगी बाकावर बसलेली असेल तर विमानाचं तिकीट वाया.

हे सगळं आठवडी बाजारासारखं चालतं. दुकानं आहेत म्हणून गिऱ्हाईक येतं, आणि गिऱ्हाईक येतं म्हणून दुकानं लागतात. चांगले क्लब असतात तिथे कॉलेजचे प्रशिक्षक येतात. प्रशिक्षक येतात तिथे चांगल्या मुलींना जायचं असतं. मुली जातात म्हणून क्लब चांगला राहतो. एकदा फिरायला लागलेलं हे चक्र थांबवणं फार कठीण असतं, आणि एकट्याने त्यातून बाहेर पडणं त्याहून कठीण. म्हणून क्लब लीग बदलतात ते सहसा जोडीने किंवा टोळीने. एकाच महानगरातले तीन क्लब मिळून गेले तर त्यांचे आपसातले सामने शाबूत राहतात. एकटाच गेला तर त्याला दर शनिवारी दुसऱ्या राज्यात जावं लागतं.

हे चक्र मोडण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न खुद्द अमेरिकेच्या फुटबॉल महासंघाने केला. मुलांसाठी त्यांची ‘डेव्हलपमेंट अ‍ॅकॅडमी’ २००७ पासून चालू होती. २०१७ च्या शरदात त्यांनी मुलींचीही सुरू केली. युरोप वेगाने पुढे येत होता, आपली पद्धत जुनी झाली, ही महासंघाची चिंता होती. नियम कडक होते. दहा महिन्यांचा हंगाम, आठवड्याला चार सराव, बदली खेळाडूंचे नियम आंतरराष्ट्रीय सामन्यांसारखे. एकदा बाहेर गेलेली मुलगी पुन्हा मैदानात येणार नाही. आणि सर्वांत वादग्रस्त अट म्हणजे शाळेच्या संघाकडून खेळायचं नाही.

ही शेवटची अट पालकांच्या आणि मुलींच्या घशाखाली उतरली नाही. अमेरिकेत हायस्कूलचा संघ म्हणजे गावाचा संघ. शुक्रवारी संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात सामना होतो, वर्गातले सगळे येतात, शाळेच्या जॅकेटवर अक्षर शिवून मिळतं. क्लबात मुलगी अठरा चांगल्या खेळाडूंपैकी एक असते. शाळेत ती कर्णधार असते, तिच्यावर गोल करायची जबाबदारी असते, दडपण असतं. नुसत्या तांत्रिक नजरेने पाहिलं तर शाळेचा खेळ कच्चा असतो, हे खरं. पण चौदा वर्षांच्या मुलीला त्यातून काय मिळतं ते सरावाच्या वेळापत्रकात मोजता येत नाही. ईसीएनएलने हे ओळखलं होतं. शाळेकडून खेळायला त्यांची ना नव्हती. महासंघाची लीग आल्यावर अनेक मोठे क्लब तिकडे गेले, काहींनी दोन्हीकडे पाय ठेवले, आणि पहिल्या वर्षानंतरच काही जण परत फिरले.

माझ्या मते महासंघ चुकला तो हेतूत. त्याला विश्वचषक जिंकणाऱ्या मुली हव्या होत्या, म्हणजे एका वयोगटात पंचवीस-तीस. पालकांना कॉलेज हवं होतं, आणि तसे पालक हजारो होते. पंचवीस मुलींसाठी आखलेली व्यवस्था हजारोंवर लादली की हजारो जण आपला रस्ता बघतात. १५ एप्रिल २०२० ला, करोनाच्या पहिल्या लाटेत, महासंघाने पैशांचं कारण देऊन मुलांची आणि मुलींची दोन्ही अ‍ॅकॅडमी बंद केल्या. मुलांच्या क्लबांना एमएलएस या पुरुषांच्या व्यावसायिक लीगने लगेच हात दिला आणि एमएलएस नेक्स्ट उभी राहिली. महिलांच्या एनडब्ल्यूएसएलमध्ये तेव्हा जेमतेम नऊ संघ होते. ती स्वतःच सावरत होती, दुसऱ्यांना काय सावरणार? मुलींच्या क्लबांपुढे दोनच वाटा उरल्या. बऱ्याच जणांनी ईसीएनएलचं दार ठोठावलं. काहींना ते उघडलं, काहींना नाही. उरलेल्यांनी आणि ज्यांना तिकडे जायचंच नव्हतं त्यांनी काही आठवड्यांत गर्ल्स अ‍ॅकॅडमी उभी केली.

जीएची एक गोष्ट मला मनापासून आवडते. तिच्या कारभारात खेळाडू मुलींचं सल्लागार मंडळ आहे. मुली क्लबाच्या प्रतिनिधी म्हणून बोलतात आणि लीग ते ऐकते. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संघाला पंचवीस वर्षांहून अधिक काळ घडवणाऱ्या लेस्ली गॅलिमोर तिच्या आयुक्त झाल्या, त्यामुळे कॉलेजच्या वर्तुळात लीगला वजनही आलं. अलीकडे एमएलएस नेक्स्ट आणि जीए यांनी हातमिळवणीही केली आहे. म्हणजे ज्या क्लबांत मुलगेही खेळतात त्यांच्यापुढे आता वेगळंच त्रांगडं आहे. मुलग्यांसाठी एक दार उघडायचं तर मुलींचं दार कोणतं, हे त्याबरोबर ठरू पाहतं. मुलींचा निर्णय मुलग्यांच्या सोयीने होऊ लागला की समजावं, बैठकीत मुलींच्या बाजूने बोलणारं कुणी नाही.

मैदानावरचा फरक केवढा? जीएमधला वरचा संघ ईसीएनएलमधल्या मधल्या संघाला सहज हरवू शकतो. ईसीएनएलची खोली जास्त आहे. म्हणजे वरच्या दहा संघांपेक्षा पन्नासावा संघ कसा खेळतो यात तिचं बळ दिसतं. पण हेही जागेवर अवलंबून आहे. डॅलसच्या परिसरात सोलर, स्टिंग, डीफीटर्स असे जुने, तालेवार क्लब एकमेकांपासून तासाभराच्या अंतरावर आहेत. तिथल्या मुलीला दर आठवड्याला तुल्यबळ सामना गाडीने जाऊन मिळतो. न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीच्या मुलीला डेन्व्हरला जायचं तर एका बाजूचे सव्वासातशे किलोमीटर. डॅलसमध्ये जी लीग चांगली तीच अल्बुकर्कीत चांगली, असं म्हणता येत नाही. इंटरनेटवर लीगची तुलना वाचताना पालक नेमकं हेच विसरतात.

आता क्लबाच्या संचालकाच्या बाजूने पाहू, कारण त्याला लोभी ठरवून मोकळं होणं सोपं आहे. समजा त्याचा क्लब दुय्यम लीगमध्ये आहे आणि वीस मैलांवरच्या क्लबाला ईसीएनएलचा बिल्ला आहे. त्याच्या तेरा वर्षांखालच्या संघात चार मुली उत्तम आहेत. वसंतात निवडचाचण्या येतात. चौघींपैकी दोघी शेजारी जातात. राहिलेल्या दोघींच्या आया एकमेकींना फोन करतात आणि जूनपर्यंत त्याही जातात. पुढच्या वर्षी संघ हरतो, मग पाचवी, सहावी. प्रशिक्षक तोच, मैदान तेच, सराव तोच. बिल्ला नाही म्हणून संघ फुटला. त्याने सहा वर्षं शिकवलेली मुलगी शेजारच्या क्लबाच्या संकेतस्थळावर ‘आमची खेळाडू’ म्हणून झळकते. असा माणूस लीग बदलायचा अर्ज करतो तेव्हा तो मुख्यतः गळती थांबवायला बघत असतो. त्याचं म्हणणं खोटं नाही. रोज जिच्याशी झुंजावं लागेल अशी सोबतीण सरावात असणं, ही खेळाडू घडण्यातली मोठी गोष्ट आहे, आणि गळती लागली की तीच आधी जाते.

पण त्याच क्लबात दुसरेही संघ असतात. मोठ्या क्लबात हजारभर मुलं-मुली खेळतात. बिल्ल्याच्या संघांत त्यातल्या शंभर-सव्वाशे मुली. वरच्या संघांच्या प्रशिक्षकांचा पगार आणि प्रवास अनेकदा खालच्या संघांच्या फीतून भागतो. म्हणजे ‘ब’ आणि ‘क’ संघातल्या मुलींचे आईबाप ‘अ’ संघाच्या बिल्ल्याचे पैसे भरत असतात. आपलीही मुलगी कधीतरी ‘अ’ मध्ये जाईल, ही त्यामागची आशा. लीग बदलली आणि वर्षाला दोन शोकेस जास्त आले, तर तो भार कुठे जाणार? हा प्रश्न पालकसभेत विचारला जात नाही, कारण सभेला पुढच्या रांगेत ‘अ’ संघाचे पालक बसलेले असतात.

पैशाचा हिशेब एकदा सरळ मांडू. वरच्या लीगमधल्या मुलीमागे फी, प्रवास, हॉटेल, गणवेश धरून वर्षाला काही हजार डॉलर जातात. दूरच्या राज्यांत हा आकडा पाच अंकी होऊ शकतो. पाच-सहा वर्षं हे चालतं. मिळतं काय? २०२५ पर्यंत पहिल्या श्रेणीच्या विद्यापीठाला मुलींच्या सॉकरसाठी जास्तीत जास्त १४ पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत, आणि त्या तुकडे करून वाटता येत. अठ्ठावीस मुलींत चौदा वाटल्या तर सरासरी अर्धी. शिवाय सगळी विद्यापीठं पूर्ण चौदा देतही नव्हती. हार्वर्ड-येलसारख्या आयव्ही लीगमध्ये आणि तिसऱ्या श्रेणीत खेळाची शिष्यवृत्ती नाहीच. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर ही मोजणी बदलली. त्या तडजोडीत सामील झालेल्या विद्यापीठांना मुलींच्या सॉकर संघात २८ जणीच ठेवता येतात, शिष्यवृत्त्या मात्र हव्या तितक्या देता येतात. शिष्यवृत्तीचं दार रुंद झालं आणि संघाचं अरुंद. एकदा संघात घेऊन मग बघू, अशी संधी मिळणाऱ्या मुलींचीच त्यात पंचाईत झाली. वर हायस्कूलमध्ये सॉकर खेळणाऱ्या मुली पावणेचार लाखांवर आहेत. निव्वळ शिष्यवृत्तीसाठी क्लबाचे पैसे भरणाऱ्या घराने तेवढे पैसे बँकेत ठेवले असते तरी बऱ्याचदा बरं झालं असतं.

तरीही ओढ कमी होत नाही, कारण हिशेब नुसता पैशाचा नसतो. खेळाडू म्हणून विद्यापीठाच्या प्रवेशातच वजन पडतं, आणि ज्या विद्यापीठात गुणांवर प्रवेश अवघड असतो तिथे त्या वजनाचं मोल मोठं. भारतीय घरांत तर हे गणित फार लवकर कळतं!

वेळेचं गणितही महत्त्वाचं. पूर्वी आठवी-नववीतल्या मुलींना विद्यापीठं तोंडी शब्द देऊन बसत. २०१९ पासून नियम बदलला. दहावीचं वर्ष संपल्यावर १५ जूनच्या आधी प्रशिक्षकाने मुलीशी भरतीबद्दल बोलायचं नाही. त्यामुळे दहावी आणि अकरावी हीच दोन वर्षं मुलीला ‘दिसण्याची’. नेमक्या त्या वर्षांत क्लबाने लीग बदलली तर तिचं काय होतं? आधीच्या लीगच्या शोकेसला जे प्रशिक्षक तिला बघून गेले ते नव्या लीगच्या शोकेसला येतीलच असं नाही. नवे प्रशिक्षक तिला ओळखत नाहीत. बारा वर्षांच्या मुलीला लीग बदलल्याने फारसं बिघडत नाही. सोळा वर्षांच्या मुलीचं बिघडू शकतं. संचालकाने निर्णय घेताना पुढची दहा वर्षं बघायची, हे बरोबर. पण त्या वर्षी दहावी-अकरावीत असलेल्या तीस-चाळीस मुलींसाठी वेगळी तरतूद करणं हे त्याचं कर्तव्य आहे. सॅन डिएगोची सर्फ कप, रिचमंडची जेफरसन कप अशा जुन्या खुल्या स्पर्धांना कॉलेजचे प्रशिक्षक गर्दी करतात आणि तिथे बिल्ला विचारत नाहीत. विद्यापीठांची स्वतःची शिबिरंही असतात. क्लबाने स्थित्यंतराच्या वर्षात या मुलींना तिथे न्यावं, तेही स्वतःच्या खर्चाने. निर्णय क्लबाचा असेल तर बिलही त्याचंच.

आणि गुडघा. या चर्चेत तो सर्वांत शेवटी येतो, यायला हवा पहिला. वयात येणाऱ्या मुलींमध्ये गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध तुटण्याचं प्रमाण मुलग्यांपेक्षा काही पटींनी जास्त आहे. कारणं अनेक आहेत: हाडांची ठेवण, स्नायूंची ताकद, उडी मारून जमिनीवर उतरण्याची पद्धत, आणि मुलींना ताकदीचं प्रशिक्षण उशिरा मिळणं किंवा न मिळणंच. एकदा तुटला की शस्त्रक्रिया आणि नऊ महिने ते वर्षभर घरी. म्हणजे ‘दिसण्याच्या’ दोन वर्षांतलं एक गेलं. यावर सोपा, फुकट उपाय आहे. ‘फिफा ११+’ सारखा वीस मिनिटांचा सराव आठवड्यातून दोन-तीनदा नेमाने केला तर दुखापती लक्षणीय कमी होतात, हे वारंवार दिसून आलं आहे. पण शुक्रवारी रात्रीचं विमान, तीन दिवसांत तीन सामने, सोमवारी सकाळी शाळा, मंगळवारी सराव, असा दिनक्रम असेल तर त्या वीस मिनिटांनाच पहिली कात्री लागते. लीगची तुलना करताना कुणी राष्ट्रीय क्रमवारी विचारतं, कुणी गेल्या वर्षी किती मुली कॉलेजला गेल्या ते विचारतं. दोन सामन्यांमध्ये मुलीला किती तास विश्रांती मिळते, हे मात्र कुणी विचारत नाही. माझ्या हातात असतं तर मी आधी तेच विचारलं असतं.

बिल्ल्याशिवाय मोठं होता येतं का? येतं, आणि उदाहरणं लहान नाहीत. अ‍ॅलेक्स मॉर्गन चौदाव्या वर्षापर्यंत स्पर्धात्मक क्लबात खेळलीच नव्हती, तरी दोन विश्वचषक जिंकली. ऑलिव्हिया मोल्ट्रीने २०२१ मध्ये न्यायालयात जाऊन वयाची अट हटवली आणि पंधराव्या वर्षी पोर्टलंड थॉर्न्सकडून व्यावसायिक सामना खेळली. ट्रिनिटी रॉडमन कॉलेजकडून एकही सामना न खेळता २०२१ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ पाळीपाळीने नव्या खेळाडू निवडतात त्यात, दुसरी निवडली गेली. २०२४ मध्ये एनडब्ल्यूएसएलने ड्राफ्टच बंद केला, आता खेळाडू आपला संघ स्वतः ठरवते. कॉलेजचा रस्ता हा आता एकमेव रस्ता नाही. पण ही असामान्य मुलींची नावं आहेत आणि रॉडमनच्या मागे कॅलिफोर्नियातला सो कॅल ब्लूजसारखा तालेवार क्लब होता. सामान्य चांगल्या मुलीला त्यांच्या नावाने धीर देणं ही फसवणूक ठरेल.

मग बदलावी का लीग? नव्या लीगमुळे विमानाचे प्रवास घटत असतील आणि गाडीच्या अंतरावर तुल्यबळ सामने वाढत असतील, तर बदलावी. परिसरातले आणखी दोन-तीन चांगले क्लब सोबत येत असतील तर जरूर बदलावी. केवळ शेजाऱ्याच्या बाहीवर आहे म्हणून तो बिल्ला हवा असेल, तर तो पैसा दोन चांगल्या महिला प्रशिक्षकांच्या पगारावर आणि एका फिजिओवर घालवावा. दोन-तीन वर्षांत मुली शेजारून परत येताना दिसतील. सगळ्याच नाही, पण ज्या तिकडे बाकावर बसल्या आहेत त्या नक्की. पालकांनीही मुलीला क्लब बदलायला लावण्याआधी एकच आकडा शोधावा: नव्या संघात तिच्या जागेवर खेळणाऱ्या मुली किती. वरच्या लीगमधली वीस मिनिटं आणि खालच्या लीगमधली ऐंशी, यातली ऐंशी बहुतेकदा जास्त शिकवतात.

आणि २०२६-२७ चा हंगाम तरी या बदलासाठी नको. अमेरिकेतल्या प्रमुख युवा संघटना त्या हंगामापासून वयोगटांची तारीख बदलत आहेत. २०१६ पासून जानेवारी ते डिसेंबर या जन्मवर्षाप्रमाणे गट पडत. आता १ ऑगस्ट ते ३१ जुलै, म्हणजे जवळजवळ शाळेच्या वर्गाप्रमाणे पडतील. जुन्या पद्धतीत पंधरा वर्षांखालच्या संघातल्या काही मुली नववीत आणि काही आठवीत असत. शरदात नववीच्या मुली हायस्कूलकडून खेळायला गेल्या की आठवीच्या पाच-सहा जणी संघाविना अडकून पडत. तो त्रास आता संपेल, हे चांगलंच. पण त्यासाठी जवळजवळ प्रत्येक संघ फोडून पुन्हा बांधावा लागणार आहे. वर्षानुवर्षं एकत्र खेळलेल्या मैत्रिणी वेगवेगळ्या गटांत जाणार आहेत. त्याच उन्हाळ्यात लीगही बदलली, तर हंगामाच्या शेवटी संघ हरला तो कशामुळे आणि मुली गेल्या त्या कशामुळे, हे कुणालाच सांगता येणार नाही. क्लबांनी आधी नव्या गटांत दोन हंगाम खेळून घ्यावेत. लीगचा अर्ज त्यानंतरही भरता येतो.